शंका-समाधान : सागाला पालवी फुटली आणि लिंक तुटली

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत. फायबरची तार तालुक्याच्या गावापर्यंत किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत येऊन थांबते, आणि तिथून पुढे शाळा, गोदाम किंवा दवाखाना गाठायचा तर मधले पाच-आठ किलोमीटर दोन खांबांवरच्या समोरासमोर बसवलेल्या डिशच्या साहाय्याने ओलांडावे लागतात. या डिजिटल रेडिओ लिंकविषयीची निवडक पत्रे संक्षेपाने देऊन या अंकात त्यांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमची शाळा यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात आहे. तालुक्याच्या गावातील एका इमारतीवरून आठ किलोमीटरवरील शाळेपर्यंत आम्ही एप्रिलमध्ये ५.८ गिगाहर्ट्झची लिंक बसवून घेतली. दोन्ही टोकांना २३ डीबीआयच्या (डिश लहर किती एकवटते याचे माप) डिश आहेत. तिकडची डिश जमिनीपासून २० मीटरवर आणि शाळेवरची १२ मीटरवर आहे. बसवली तेव्हा सिग्नल उणे ६८ डीबीएम (आकडा शून्यापासून जितका दूर, तितका सिग्नल क्षीण) होता. जुलैपासून तो उणे ७७ दाखवतो, पाऊस सुरू झाला की उणे ८१ होतो आणि लिंक तुटते. बसवणारे गृहस्थ म्हणतात की हा पावसाचा परिणाम आहे, पॉवर वाढवावी लागेल. वाटेत शेते असून काही धुऱ्यांवर सागाच्या ओळी आहेत, पण एप्रिलमध्ये दुर्बिणीतून ती इमारत आम्हाला दिसत होती.

उत्तर : तुम्ही आकडे लिहून ठेवलेत, हे फार चांगले केले. आकडे नसते तर मलाही अंदाजच बांधावा लागला असता. आधी हिशेब करून पाहू. मोकळ्या हवेतून जाताना लहरीची जी घट होते ती काढण्यासाठी ३२.४४ मध्ये मेगाहर्ट्झमधील वारंवारतेच्या लॉगची वीसपट आणि किलोमीटरमधील अंतराच्या लॉगची वीसपट मिळवतात. ५८०० मेगाहर्ट्झ आणि ८ किलोमीटरसाठी हे उत्तर १२५.८ डेसिबेल येते. डिशमधून बाहेर पडणारी एकूण परिणामी शक्ती नियमाच्या मर्यादेइतकी, म्हणजे ३६ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबेलमध्ये मोजलेली शक्ती) धरली, तर ३६ वजा १२५.८ अधिक समोरच्या डिशचे २३, असे करून उणे ६६.८ मिळायला हवेत. तुम्हाला एप्रिलमध्ये उणे ६८ मिळाले होते. याचा अर्थ यंत्रे, डिशची दिशा, कनेक्टर आणि रचना (सेटिंग) हे सगळे त्या वेळी ठीक होते आणि पॉवरही मर्यादेपर्यंत आधीच चढवलेली होती. ती आणखी वाढवण्याचा सल्ला नियमात बसत नाही.

आता पावसाकडे वळू. ताशी ५० मिलिमीटर दराने कोसळणारा पाऊससुद्धा ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरीची किलोमीटरमागे अर्ध्या डेसिबेलहून कमी घट करतो, म्हणजे तुमच्या आठ किलोमीटरांत तीन-चार डेसिबेलच्या आतच. मोबाइल कंपन्यांच्या मनोऱ्यांमधील १८ किंवा २३ गिगाहर्ट्झच्या लिंक पावसात खरोखर बंद पडतात, आणि तिथला अनुभव ऐकून आपल्याकडचे लोक प्रत्येक लिंकला पावसाचे कारण चिकटवतात. तुमच्या पत्रातील निर्णायक वाक्य वेगळेच आहे : पाऊस नसतानाही जुलैत सिग्नल उणे ७७ होता. उघडीप असताना जे नऊ डेसिबेल गेले, ते पावसाने नेलेले नाहीत.

ते सागाने नेले. साग उन्हाळ्यात निष्पर्ण असतो आणि मृगाच्या सुमारास पुन्हा पानांनी भरतो. त्याचे एकेक पान सुपाएवढे, आणि पाण्याने भरलेले. एप्रिलमध्ये तुमची लहर उघड्या फांद्यांतून निघून गेली आणि दुर्बिणीलाही पलीकडची इमारत दिसली. मात्र लहरीला जायला दृष्टिरेषेइतकी बारीक वाट पुरत नाही. त्या रेषेभोवती मधोमध फुगलेला, केळफुलासारखा निमुळत्या टोकांचा एक प्रदेश मोकळा असावा लागतो. प्रकाशाच्या लहरींचा अभ्यास करणाऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञ ऑगस्तँ फ्रेनेल यांच्या नावाने तो ओळखला जातो. तुमच्या लिंकच्या मध्यावर या प्रदेशाची त्रिज्या सुमारे १० मीटर आहे आणि निदान तिचे साठ टक्के, म्हणजे ६ मीटर, रेषेखाली मोकळे हवेत. तुमची रेषा मध्यावर २० आणि १२ यांच्या सरासरीइतक्या, म्हणजे १६ मीटर उंचीवर आहे. त्यातून पृथ्वीच्या गोलाईचा जवळजवळ एक मीटर वजा करावा लागतो. उरले १५. जमीन सपाट धरली तर मध्यावर ९ मीटरहून उंच काहीही चालणार नाही, आणि धुऱ्यावरचा जाणता साग ती उंची केव्हाच ओलांडतो. रेषेला नुसते टेकणारे एक टोकसुद्धा सुमारे ६ डेसिबेल खाते. त्यामागे दुसऱ्या धुऱ्याची ओळ असेल तर घट आणखी वाढते. पाऊस आला की ओली पाने अधिक शोषतात, म्हणून उणे ८१.

उपायांत पहिला उंचीचा आहे. झाडांचे शेंडे १५ मीटर धरले तर मध्यावर रेषा, गोलाई वजा केल्यावर, १५ वरून २१ मीटरवर न्यावी लागेल. एकच टोक उचलले तर मध्यावर त्याच्या निम्मीच उंची वाढते, म्हणून एका टोकाला १२ मीटर किंवा दोन्ही टोकांना ६-६ मीटर वाढ हवी. हा हिशेब झाडे मध्यावर आहेत असे धरून केला आहे. ती शाळेच्या बाजूला असतील तर शाळेचे टोक उचलणे अधिक फळते. गावातील पाणीपुरवठ्याचा जलकुंभ वापरता येईल का, हे ग्रामपंचायतीला अवश्य विचारा, कारण नवा मनोरा उभारण्यापेक्षा जलकुंभावर खांब बसवून शाळेपर्यंत केबल किंवा छोटी दुसरी लिंक नेणे बहुधा स्वस्त पडते. साग तोडण्याचा विचार मात्र सोडून द्या. स्वतःच्या वावरातला साग तोडायलाही रीतसर परवानगी लागते, आणि ज्याने तो मुलीच्या लग्नासाठी राखला आहे त्याला तुमच्या डेसिबेलशी काय देणेघेणे? उंचीची सोय होईपर्यंत चॅनेलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झवर आणा. रुंदी निम्मी केली की यंत्राच्या कानावर पडणारा गोंगाट ३ डेसिबेलने उतरतो, वेग कमी होतो, पण लिंक टिकते. शाळेच्या कामाला संथ आणि अखंड लिंक पुरते. यापुढे कोणतीही लिंक उन्हाळ्यात मोजून स्वीकारू नका. श्रावणात मोजा, किंवा निदान प्रत्येक झाड पानांनी भरलेले आणि तीन-चार मीटरने वाढलेले आहे असे समजून हिशेब करा.

प्रश्न : मेहकर तालुक्यातील (जि. बुलढाणा) आमच्या गोदामापर्यंत पाच किलोमीटरची लिंक आम्ही स्वतः बसवली. डिश २३ डीबीआयच्याच, पॉवर मर्यादेइतकी, मध्ये उघडे माळरान, एकही झाड नाही. तरीही दोन्ही टोकांना उणे ७९ च्या वर सिग्नल येत नाही. डिश डावी-उजवीकडे हलवली की तो आणखी कमी होतो, त्यामुळे दिशा बरोबरच असावी. शिवाय कधीतरी दिवसातून एकदा लिंक मिनिटभर बंद पडते आणि आपोआप सुरू होते. चॅनेल ‘ऑटो’वर आहे.

उत्तर : वरच्याच सूत्राने पाच किलोमीटरसाठी उणे ६३ च्या आसपास आकडा येतो. तुम्हाला सोळा डेसिबेल कमी मिळत आहेत. माळरान मोकळे असताना असा सोळा-सतराचा फरक दिसला की माझा पहिला संशय डिशच्या बाजूच्या झोतावर जातो. डिश एकच झोत टाकत नाही. मुख्य झोताच्या दोन्ही अंगांना पंधरा-वीस डेसिबेल क्षीण असे उपझोत असतात आणि त्यांनाही स्वतःचे शिखर असते. त्या छोट्या शिखरावर उभे राहून थोडे डावी-उजवीकडे सरकलात तर दोन्हीकडे उतारच लागणार, म्हणून आपण शिखरावर आहोत असा समज होतो. मेळघाटात पहिल्या टेकडीवर चढून चिखलदरा आला असे समजण्यासारखेच हे आहे.

म्हणून डिश दोन-तीन अंश हलवून थांबू नका. एका टोकाची डिश पक्की ठेवा, दुसरीचे नट सैल करून ती एका बाजूला वीसेक अंश नेऊन तिथून दुसऱ्या बाजूला वीस अंशांपर्यंत सावकाश आणा, प्रत्येक अंशाला थांबा, कारण पडद्यावरचा आकडा बदलायला काही सेकंद लागतात, आणि आकडे कागदावर उतरवा. तुमच्या डिशचा मुख्य झोत सुमारे दहा अंश रुंद आहे, तेव्हा तीन शिखरे स्पष्ट उमटतील आणि मधले सर्वांत उंच असेल. मग वर-खाली हेच करा. त्यानंतर दुसऱ्या टोकाकडे जा. एकाच वेळी दोन्ही टोके हलवणाऱ्यांचा दिवस वाया जातो. दोन्ही टोकांना सारखाच कमी सिग्नल दिसतो यावरून कोणते टोक चुकले ते ठरत नाही, कारण एकाच डिशची चूक जाण्याला आणि येण्याला सारखीच बाधते. खांब ओळंब्यात नसेल तर डिश आडवी फिरवताना वर-खालीही होत राहते, हे आधी तपासून घ्या. शेवटी नट आवळताना नजर आकड्यावर ठेवा; पान्याच्या शेवटच्या वेढ्यात डिश सरकते आणि तासाभराची मेहनत जाते.

पडद्यावर उभ्या आणि आडव्या ध्रुवणाचे (लहरीच्या कंपनाच्या दिशेचे) दोन वेगळे आकडे दिसत असतील. त्यांच्यात तीन डेसिबेलपर्यंतचा फरक चालतो. एक उणे ६३ आणि दुसरा उणे ७९ असता, तर दोष दिशेत नसून एका कनेक्टरमध्ये किंवा त्यात शिरलेल्या पाण्यात आहे, असे मी सांगितले असते.

मिनिटभराच्या बंदचे कारण ‘ऑटो’त आहे. ५२५० ते ५३५० आणि ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झ हे पट्टे रडारही वापरतात. तिथे काम करणाऱ्या यंत्राला रडारची किंवा रडारसारखी चाहूल लागली की ते चॅनेल सोडते आणि नव्या चॅनेलवर बोलण्याआधी साधारण साठ सेकंद नुसते ऐकते. तुमचे मिनिट ते हेच. चॅनेल स्वतः ठरवून ५७२५ ते ५८७५ च्या पट्ट्यात कायम करा. त्याआधी स्पेक्ट्रमची पाहणी दोन्ही टोकांवरून करा, कारण गोंगाट ऐकणाऱ्याच्या टोकाचा मोजायचा असतो. मेहकरच्या बाजूला शांत दिसणारा चॅनेल गोदामाशेजारच्या एखाद्या वायफायने भरलेला असू शकतो.

रचनेविषयी तुम्ही विचारले नाही, तरी काही गोष्टी सांगतो, कारण पाच-सात पत्रांत त्याच चुका आहेत. दोन्ही यंत्रे खांबावर चढवण्यापूर्वी टेबलावर, पॉवर अगदी कमी ठेवून एकमेकांशी जोडून पाहा. एक यंत्र मुख्य आणि दुसरे त्याच्यामागे चालणारे असते. दोन्ही मुख्य ठेवली तर ती एकमेकांशी बोलणार नाहीत. दोघांचे आयपी पत्ते वेगळे हवेत. देश म्हणून भारतच निवडावा. अंतराचा रकाना रिकामा किंवा शून्यावर सोडू नये. लहरीला एक किलोमीटर जायला ३.३ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे तुमच्या पाच किलोमीटरांत जाऊन-येऊन ३३. पोच मिळायची वाट यंत्राने याहून कमी वेळ पाहिली तर पोहोचलेला तुकडाही हरवला असे समजून ते तो पुन्हा पाठवत बसते, सिग्नल उत्तम दिसतो आणि वेग मात्र रांगतो. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, आणि सगळी रचना ठरली की तिची फाइल उतरवून घेऊन ठेवा. वीज पडून यंत्र गेले तर नवे यंत्र दहा मिनिटांत उभे राहते. एवढे करूनही वेग कमी असेल तर हवेला दोष देण्याआधी केबलचे टोक पाहा. गिगाबिटचा पोर्ट शंभरावर किंवा दहावर उतरलेला असतो आणि कारण निघते नीट न दाबलेला आरजे-४५, म्हणजे केबलच्या टोकाचा प्लग.

प्रश्न : गोंदिया जिल्ह्यातील आमची सहा किलोमीटरची लिंक एका मोठ्या मालगुजारी तलावावरून जाते. दोन्ही डिश पाण्यापासून सुमारे १५ मीटरवर आहेत. हिवाळ्यात पहाटे पाच ते आठ या वेळात सिग्नल उणे ६४ पासून उणे ८५ पर्यंत खाली-वर होतो, दहा वाजता सर्व ठीक असते. यंत्र थंडीने बिघडते का?

उत्तर : यंत्र निर्दोष आहे. तलाव आरशाचे काम करतो आहे. एक किरण सरळ येतो, दुसरा पाण्यावरून परावर्तित होऊन येतो. तुमच्या उंचीला आणि अंतराला दुसरा किरण पहिल्यापेक्षा साडेसात सेंटिमीटर जास्त चालतो, आणि तुमच्या लहरीची लांबी आहे सव्वापाच सेंटिमीटरच्या आतच. दोन-अडीच सेंटिमीटरचा फेर पडला तरी दोन किरण एकमेकांना बळ देण्याऐवजी खोडतात. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगत थंड हवेचा थर बसतो, त्यातून किरण वाकतात आणि हा फेर मिनिटागणिक बदलतो. ऊन चढले की थर मोडतो. तलावाचे पाणी उन्हाळ्यापर्यंत दोन मीटर उतरले तर तोच फरक साडेनऊ सेंटिमीटरच्या घरात जाईल आणि लिंकचे वागणे पुन्हा बदलेल, तेव्हा गोंधळू नका.

डिश किंचित वर झुकवा, असा सल्ला तुम्हाला मिळेल. त्याचा इथे उपयोग नाही, कारण सरळ आणि परावर्तित किरणांमध्ये अंशाच्या एक तृतीयांशाइतकेही अंतर नाही आणि झोत कित्येक अंश रुंद आहे. परावर्तनाची जागा पाण्यावरून हलवणे हा खरा उपाय. दोन्ही टोके समान उंचीवर असल्याने ती जागा बरोबर मध्यावर, म्हणजे तलावात पडते. एक टोक २४ आणि दुसरे ८ मीटरवर नेले तर ती उंच टोकापासून साडेचार किलोमीटरवर सरकेल. तिथे काय आहे ते प्रत्यक्ष जाऊन पाहा. झुडपी माळ असेल तर उत्तम. धानाच्या बांध्या असतील तर भाद्रपदात त्यांतही पाणी उभे असते, पण हिवाळ्यातल्या धसकटांवरून परावर्तन फार क्षीण होते आणि तुमची तक्रार हिवाळ्याचीच आहे. हे शक्य नसेल तर एक डिश खांबावर दोन-चार मीटर खाली-वर करून आठवडाभर पहाटेचे आकडे नोंदवा.

प्रश्न : अशा लिंकला परवाना लागतो का? शेजारच्या दहा घरांना जोडणी देऊन पैसे घेतले तर चालेल का? (ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये केलेल्या नियमांनुसार ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत, ठरलेल्या शक्तिमर्यादेत, स्वतंत्र परवान्याची गरज नाही. शेवटच्या पट्ट्यात ही मर्यादा ३६ डीबीएम आहे. यंत्राला मात्र दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची प्रकार-मान्यता असली पाहिजे. खरेदीच्या वेळी विक्रेत्याकडून तिची प्रत मागा. परवानामुक्त पट्ट्यात दुसऱ्याच्या लिंकने त्रास दिला तर संरक्षण मागता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. दहा घरांकडून पैसे घेऊन इंटरनेट देणे हा मात्र व्यवसाय आहे आणि त्याला परवाना लागतो. परवानाधारक सेवादात्याचे स्थानिक भागीदार होणे हा सोपा मार्ग आहे.

प्रश्न : बार्शीटाकळी तालुक्यात (जि. अकोला) आमच्या शेतातील खांबावरचे रेडिओ दोन वर्षांत दोनदा, जूनच्या पहिल्या वादळात जळाले. खांबाला अर्थिंग केलेले आहे. वीजही वारंवार जाते.

उत्तर : ‘अर्थिंग केलेले आहे’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे आणि खणून पाहिल्यावर बहुधा खांबाला गुंडाळलेली एक तार सापडली आहे. आधी तुमच्या जमिनीचा विचार करू. काळी माती पावसाळ्यात ओली असते तेव्हा वीज उत्तम वाहून नेते, पण मे महिन्यात तिला हातभर खोल भेगा पडतात, इलेक्ट्रोडभोवतीची माती त्याला सोडून बाजूला होते आणि रोध कितीतरी वाढतो. पहिले वादळ नेमके अशाच कोरड्या जमिनीवर येते. म्हणून इलेक्ट्रोड भेगांच्या खाली, कायम ओल असलेल्या थरापर्यंत न्या, खड्ड्यात ओल धरणारे मिश्रण भरा आणि एप्रिल-मे महिन्यांत आठवड्याला त्यात पाणी ओता. रोध मोजायचा तर मे महिन्याच्या अखेरीस मोजा. ऑगस्टमधला चांगला आकडा फसवा असतो.

थेट वीज कोसळली तर काहीच वाचत नाही. तुमचे रेडिओ बहुधा आसपास पडलेल्या विजेने केबलमध्ये उपजलेल्या दाबाने गेले असावेत. त्यासाठी बाहेरची, धातूचे आवरण असलेली केबल वापरा, आवरण दोन्ही टोकांच्या कनेक्टरपर्यंत जोडलेले असू द्या, आणि एक सर्ज अरेस्टर (अचानक आलेला जादा दाब जमिनीत उतरवणारे साधन) रेडिओजवळ व दुसरा केबल खोलीत शिरते तिथे बसवा. खांबाचे, अरेस्टरचे आणि घराच्या विजेचे अर्थिंग वेगवेगळे ठेवू नका. ते जाड तांब्याच्या पट्टीने एकमेकांना जोडा. वेगळे ठेवले तर विजेच्या क्षणी त्यांच्यात हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो तुमच्या रेडिओच्या पोर्टमधूनच बरोबरी साधतो. डिश खांबाच्या अगदी टोकावर नको; टोकावर वीजवाहक कांब आणि तिच्याखाली मीटरभर अंतरावर डिश, असे करा.

विजेच्या खंडासाठी असा हिशेब करा. एक रेडिओ साधारण १० वॅट घेतो, म्हणजे दिवसाला २४० वॅट-तास. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १२०० असतात, त्यातले निम्मेच वापरावेत, आणि रूपांतरातील घट धरून एका रेडिओला दोन दिवस मिळतात. शक्य असेल तर जोडणी शेतीपंपाच्या फीडरऐवजी गावठाण फीडरवरून घ्या, कारण तिथे वीज अधिक वेळ असते. नवा अडॅप्टर घेताना जुन्या रेडिओवरचा व्होल्टेज वाचा. २४ व्होल्टच्या यंत्राला ४८ व्होल्टचा साधा अडॅप्टर लावून जाळलेली यंत्रे माझ्याकडे दुरुस्तीला येतात, आणि त्यांच्या मालकांनी तोपर्यंत आभाळाकडे बोट दाखवलेले असते. तुमचा तिसरा रेडिओ बसवण्याआधी आधीच्या दोहोंवरील अडॅप्टरचे आकडे एकदा ताडून पाहा.